तीन भाषांच्या घरात

नंदिगड्डे
१२ डिसेंबर २०२४

आई,

अक्षर ओळखून तू हे पाकीट चुलीत टाकणार नाहीस, कारण तुमच्याकडे आता गॅस आहे. फार तर पिठाच्या डब्याखाली सरकवशील. सरकव, पण आधी वाच. अक्षर मुद्दाम मोठं काढलंय, चष्मा शोधत बसायला नको म्हणून.

फोन करून पाहिला. योगेशनं माझा नंबर बंद केलाय आणि तुझा फोन त्याच्याच खिशात असतो. पोस्टमन मात्र दुपारी येतो, बाबा आणि योगेश दुकानात असतात तेव्हा, आणि टपाल तुझ्या हातात देतो. दोन वर्षांत मी एवढा विचार करून ठेवलाय.

तुला नात झाली हे तुला कळलं असेलच, रामनगरच्या बाजारात कुठली बातमी लपत नाही. सत्तावीस मेची आहे. नाव मयूरी. साडेसहा महिने झाले. रंग गुणाचा, नाक आपलं. पाठीला उशी लावली की बसते आणि उशीसकट कलंडते.

पुढच्या रविवारी, बावीस तारखेला, तिचं उष्टावण आहे. गुणाच्या घरात असं काही करत नाहीत. सासूबाई म्हणाल्या, मूल भुकेलं की भरवायचं, त्याला मुहूर्त कसला. (त्यांना मी मांय म्हणते, इकडे तसंच म्हणतात. तुला आवडणार नाही, माहीत आहे.) पण आपल्यात पहिला घास मामा भरवतो, म्हणून मी हट्ट धरलाय. योगेशला पाठव. रामनगरहून जोयड्याला बस आहे, पुढं गुणा जीप घेऊन उभा असेल. योगेशनं माझ्याशी बोलायची गरज नाही. एक चमचा खीर भरवावी आणि जावं.

तुझ्याकडून दोन वर्षांत एकच गोष्ट आली, ती माझी पेटी. सगळे कपडे घडी करून, डांबरगोळ्या टाकून, बसच्या कंडक्टरच्या हाती पाठवलीस. चिठ्ठी नव्हती. मी ती पेटी तीनदा उलटी करून बघितली.

सुप्रिया

◆

नंदिगड्डे
१९ जानेवारी २०२५

आई,

कुणी आलं नाही. गुणा अकराच्या बसला थांबला, मग दीडच्या बसलाही थांबला. दोन भाडी सोडली त्यानं त्यापायी. इकडे खीर गार होऊन घट्ट झाली. शेवटी मांयनी वाटी उचलली आणि भरवून मोकळ्या झाल्या. मयूरीनं पहिला घास जिभेनं बाहेर ढकलला, दुसरा गिळला आणि तिसऱ्याला चमचाच धरून ठेवला. म्हणजे मामावाचून तिचं काही अडलं नाही. माझं अडलं. गोठ्यामागे जाऊन रडले आणि परत येऊन भांडी घासली.

आता ती आधाराशिवाय बसते. गेल्या आठवड्यापासून रांगते, पण मागे. समोरची वाटी घ्यायला निघते आणि भिंतीला जाऊन टेकते, मग वाटीवरच रागावते. सकाळी नाचणीचं सत्व, दुपारी उकड्या तांदळाची पेज, संध्याकाळी कणगी उकडून, कुस्करून. इकडचे कंद फार गोड असतात, कणगी तर साखर घातल्यासारखी लागते. मांयना तिच्या जिभेला रानातला मध चाटवायचा होता. अंगणवाडीच्या शिल्पा टीचर म्हणाल्या, वर्ष होईपर्यंत मध अजिबात नाही. यावरून आमच्यात दोन दिवस अबोला होता. तसाही आमच्यात बोला फार नसतो.

वजन सात किलो दोनशे आहे. कार्डावरच्या सगळ्या तपासण्या वेळेवर झाल्यात. काळजी करत असलीस तर करू नकोस.

एक विचारायचं होतं. मी आणि योगेश कितव्या महिन्यात आवाज करायला लागलो? शेजारचं पोर मयूरीहून तीन आठवड्यांनी लहान आहे, दिवसभर बाबाबा, दादादा चालू असतं त्याचं. मयूरी पाचव्या महिन्यात अग्गं अग्गं करायची, ते वाढायच्या ऐवजी कमीच झालंय. हसते, रडते, किंचाळतेसुद्धा, पण बडबड नाही. मांय म्हणतात, कारण उघड आहे. मी तिच्याशी मराठी बोलते, त्या कोकणी, आणि गुणा दिवसभर जीपमध्ये कन्नड बोलून तीच तोंडात घेऊन घरी येतो. पोरीनं उचलायचं तरी कुठलं? पलीकडच्या वाडीतला एक मुलगा असाच घोटाळ्यात पडून तीन वर्षं गप्प होता म्हणे. शेजारणीलाही पटलं, गुणालाही पटलं. मलाही पटलंय. तीन भाषांत माझं तरी डोकं कुठे ठिकाणावर असतं.

आपल्याही घरात मराठी आणि दुकानात कन्नड होतं, नाही का? पण तू आम्हाला दुकानात फारशी नेत नव्हतीस. तू सांग. दोन ओळी पुरेत.

सुप्रिया

◆

नंदिगड्डे
२३ फेब्रुवारी २०२५

आई,

दोन ओळी आल्या नाहीत. ठीक आहे.

मी मराठी सोडली. कुणी सांगितलं नाही, माझं मीच ठरवलं. घरात एकच भाषा राहिली तर पोरीचा घोटाळा मिटेल, आणि दोघांची कोकणी आहे तर सोडायची ती मीच, हे उघड होतं. गुणालाही ताकीद दिली, कन्नड जीपमध्येच ठेवून यायची.

अडचण अशी की माझी कोकणी पाणी दे, भात शिजला, गाय आली, एवढ्यावर संपते. लेकराशी लाडानं बोलायला लागतात ते शब्द मला त्या भाषेत येत नाहीत. मग मी बोलतच नाही. तेल लावताना काहीबाही म्हणायचे, ते बंद झालं. अंघोळ घालून टॉवेलमध्ये गुंडाळताना तोंडाशी आलेलं गिळते. मांय शेतात, गुणा गाडीवर. सकाळपासून दुपारपर्यंत घरात आम्ही दोघी, आणि दोघी गप्प. चार दिवसांपूर्वी माझ्या लक्षात आलं की सकाळपासून मी घशातून आवाजच काढलेला नाही. घाबरून खाकरून बघितलं.

मराठी मी आता फक्त या कागदावर बोलते. लिहिताना ओठ हलतात, म्हणून बाहेर फणसाखाली येऊन बसते. वेडी झाले म्हणशील. तुला तेवढंच निमित्त हवं असेल.

बाकी पोरगी चांगली आहे. जमिनीवरचं तांदळाचं शीत अंगठा आणि बोटात अचूक पकडते आणि तोंडात घालते. शीत असो, मुंगी असो, तिला सारखंच. खांब धरून उभी राहते. अनोळखी माणूस दिसलं की माझ्या खांद्यात तोंड लपवते. माझं तोंड दोन्ही हातांनी धरून ओठांकडे इतकं लावून बघते की मलाच नजर वळवावी लागते. फार हुशार आहे. मागून हाक मारली की वळते.

शिल्पा टीचर विचारत होत्या, कानांची तपासणी झाली का म्हणून. झाली आहे, सांगितलं.

सुप्रिया

◆

नंदिगड्डे
१४ मार्च २०२५

आई,

आज सकाळी दहाच्या सुमारास केळीत माकडं शिरली. मी मयूरीला घेऊन अंगणात बसले होते. ती माझ्यापासून दोन हातांवर, सुपारीच्या पानाचं देठ ओढत होती. मांय घरातून तेलाचा रिकामा पत्र्याचा डबा आणि कोयता घेऊन धावत आल्या आणि तिच्या अगदी पाठीशी उभं राहून डबा बडवायला लागल्या. कुत्रा पळाला, गाय दावं ताणून उठली, माझे हात कानावर गेले. शेजारचं पोर त्याच्या घरात झोपलं होतं, ते तिथून रडायला लागलं.

मयूरी देठ ओढत होती.

मांयचा हात थांबला. आम्ही दोघींनी एकमेकींकडे बघितलं, आणि दोघींनाही एकाच वेळी कळलं.

मग मी स्टीलचं ताट आणून तिच्या मागे फरशीवर टाकलं. शेणानं सारवलेल्या जमिनीवर नाही, पायरीच्या दगडी फरशीवर. चार वेळा टाकलं. हाका मारल्या, मराठीत. मोठ्यानं, जवळून, कानाशी. शेवटी मी उठले तशी माझी सावली तिच्या पुढ्यात पडली, आणि ती वळून माझ्याकडे बघून हसली.

हाक मारली की वळते असं मी तुला लिहिलं होतं. ती सावलीकडे वळायची.

सुप्रिया

◆

नंदिगड्डे
२ एप्रिल २०२५

आई,

बेळगावला जाऊन आलो. पोरीला झोपवून डोक्याला तारा चिकटवतात आणि कानात आवाज सोडतात, तशी तपासणी झाली. दोन्ही कानांनी तिला जवळजवळ काहीच ऐकू येत नाही. जन्मापासूनच, असं डॉक्टर म्हणाले. आता कानाला मशीन लावायचं, काही महिने बघायचं, त्यानं भागलं नाही तर ऑपरेशन. सरकारी योजनेचा अर्ज गुणानं तिथंच भरला.

मी डॉक्टरांना तीन भाषांचं विचारलं. ते हसले नाहीत, बरं वाटलं. म्हणाले, तीन काय, चार असत्या तरी पोरांनी सगळ्या उचलल्या असत्या. तुम्ही तुमची भाषा सोडायला नको होती. तिला तुमचा आवाज पोचला नसता, पण बोलताना तुमचा चेहरा दिसला असता.

म्हणजे दोन महिने मी तिच्यासमोर तोंड मिटून बसले. ती माझ्या ओठांकडे बघत होती, आणि मी ते तेवढेही हलू दिले नाहीत.

आता जे लपवलं ते सांगते. सगळ्या तपासण्या झाल्यात असं मी तुला लिहिलं, ते खोटं होतं. जन्मानंतर कान तपासायची तारीख कार्डावर लिहून दिली होती, जुलैमधली. त्या दिवशी पाऊस फार होता, नाल्यावर पाणी होतं, पोर दूध पिऊन झोपलं होतं. गुणा म्हणाला, निघू या का. मीच म्हटलं, राहू दे, कान काय कुठे पळून जातात. शिल्पा टीचरनी आठवण केली तेव्हा लाज वाटली आणि झाली म्हणून सांगितलं. एकदा सांगितल्यावर पुन्हा सांगणं सोपं जातं. आठ महिने गेले यात. गुणा मला काही बोलला नाही. त्यानं बोलायला हवं होतं.

आणि आता तू जे लपवलंस ते. डॉक्टरांनी विचारलं, घरात कुणाला जन्मापासून ऐकू न येणारं आहे का? गुणा नाही म्हणाला. मीही नाही म्हणाले. बसमध्ये खानापूर मागे पडलं तेव्हा मला आठवलं.

मी पाच वर्षांची असेन. तुझ्या माहेरी, खानापूरजवळच्या घरी, गोठ्याशेजारच्या खोलीत एक माणूस राहायचा. त्यानं मला जांभळं दिली होती. मी त्याच्याशी बोलले आणि तो नुसताच हसला. तू मला दंडाला धरून आत ओढलंस. तो कोण, विचारलं, तर गडी म्हणालीस. पण गड्याला तुझ्यासारखं नाक कसं? पुढं कधीतरी आजीच्या तोंडून महाबळेश्वर हे नाव निघालं आणि सगळे गप्प झाले. तो तुझा भाऊ ना? सहा वर्षांपूर्वी तू एकटीच तिकडे लग्नाला म्हणून गेलीस आणि येताना लाडवाचा एक पुडासुद्धा आणला नाहीस. डोळे सुजलेले होते. ते लग्न नव्हतं ना?

कशासाठी लपवलंस ते मला कळतं. माझं स्थळ अडू नये, योगेशचं अडू नये. पण मी लपवून लग्न केलं म्हणून तू माझी पेटी भरून पाठवलीस, आणि स्वतः अख्खा भाऊ लपवलास. हे माहीत असतं तर जुलैमध्ये मी नाल्यातून पोहत गेले असते. यातलं अर्धं तुझं आहे आई, अर्धं माझं.

रागावून लिहितेय. राग आला की माझं असंच होतं, तुझ्याकडूनच आलंय. पण खरं सांगायचं तर मला भीती वाटते. मशीन मिळायला वेळ आहे. ती दिवसभर माझ्याकडे बघत असते आणि मला तिच्याशी बोलता येत नाही. कुठल्याच भाषेत नाही. तू त्याच्याबरोबर वाढलीस. तू त्याच्याशी काहीतरी करून बोलतच असशील. त्याला भूक लागली, दुखलं, भीती वाटली, ते तुला कसं सांगायचा? मला माफी नको, योगेश नको, उष्टावण नको. एवढं एक कळव.

सुप्रिया

◆

नंदिगड्डे
११ जून २०२५

आई,

सुखरूप पोचल्याचं बसच्या ड्रायव्हरकडून कळलं. तू कळवणार नाहीस हे धरूनच मी त्याला विचारलं.

तू आलीस त्या दिवशीचं तुलाच काय सांगायचं. पण तुझी पाठ माझ्याकडे होती, म्हणून माझ्या बाजूनं काय दिसलं ते सांगते. गुणाच्या जीपमधून तू उतरलीस ती पिशवी घेऊन, माझ्याकडे न बघता. मांयनी पाणी पुढं केलं, ते घेतलंस. मग थेट मयूरीसमोर जमिनीवर मांडी घालून बसलीस. ती अनोळखी माणसाला रडते, मी सांगायला तोंड उघडलं, तोवर तिनं ओठ काढलाच होता. तू तिला जवळ घेतलं नाहीस. तू हात वर केलेस.

आई, मी तुझ्या घरात पंचवीस वर्षं राहिले. ते हात भाकरी थापताना पाहिले, मला चापट मारताना पाहिले, पेटी भरताना नाही पाहिले पण कसे भरत असतील ते माहीत आहे. असे कधी पाहिले नव्हते. पाणी, गाय, ये, नको, दुखलं का, कुठे दुखलं, एकामागून एक. मी बाजूला येऊन बघितलं, तर भुवयासुद्धा बोलत होत्या. पोरगी रडायची विसरली. तू दहा मिनिटांत तिच्याशी जेवढं बोललीस तेवढं माझ्याशी सबंध जन्मात बोलली नाहीस. मला हेवा वाटला, माझ्याच लेकीचा. खोटं कशाला सांगू.

मग तू माझ्याकडे न वळताच म्हणालीस, "आमच्या म्हाबूशी असंच बोलत व्हते मी. लगीन झालं तवा सासू म्हनली, हे हातवारे हितं चालायचे न्हाईत. मग हात आवरले. त्यो गेला तवा वाटलं, आता हे कुनाच्याच कामी यायचे न्हाईत."

मांय दारात उभ्या होत्या. त्यांना मराठी सगळं कळतं. त्या आत गेल्या आणि तुझ्यासाठी पेज घेऊन आल्या, आणि तू ती बसून खाल्लीस. तुमच्या दोघींचं जमेल असं मला या जन्मी वाटलं नव्हतं.

पंधरा दिवस राहिलीस. बाबांना काय सांगून आलीस ते मी विचारलं नाही, आणि आपल्या दोघींचं जे भांडण आहे तेही आपण काढलं नाही. ते आहे तिथंच आहे. जाताना तू तिला उचलून घेतलंस, मला नाही. असो.

मयूरीला वर्ष पूर्ण होऊन पंधरा दिवस झाले. दोन पावलं टाकते आणि बसते. चार दात आहेत. मशीन अजून आलेलं नाही, पुढच्या महिन्यात म्हणतात. पावसानं रस्ता तुटायच्या आधीच जाऊन बेळगावात राहायचं, असं गुणानं आणि मी ठरवलंय. मी दिवसभर मराठी बोलते, हातांसकट, तोंडभरून. तू शिकवलेल्या अकरा खुणा मला येतात. गुणाला सात. मांयना बहुतेक सगळ्या, पण त्या मला चुकीच्या दाखवतात असा माझा संशय आहे.

पण हे पत्र वेगळ्याच कारणासाठी आहे. तू गेल्यावर दुसऱ्या दिवसापासून मयूरी हनुवटीला बोट लावून बसायला लागली. उजव्या हाताचं पहिलं बोट, हनुवटीच्या डाव्या बाजूला, आणि मग माझ्याकडे बघायची. मी पाणी दाखवलं, नको. पेज, नको. मांय म्हणाल्या, दाढ येतेय, हिरडी सळसळत असेल. चार दिवस आम्ही तिच्या हनुवटीला खोबरेल चोळलं. ती चोळून घ्यायची आणि पुन्हा बोट लावायची. मग रडायची. अकरा खुणांत ही खूण नव्हती.

काल संध्याकाळी तिनं पुन्हा बोट लावलं, आणि या वेळी माझ्याकडे न बघता रस्त्याकडे बघितलं, जीप थांबते तिथं. तेव्हा मला तुझ्या हनुवटीवरचा तीळ आठवला.

तू स्वतःला तसं दाखवत होतीस ना, मी चुलीशी असताना? महाबळेश्वरमामा तुला तशीच हाक मारायचा ना? ही खूण तू मला नाही शिकवलीस. लाजलीस की काय, कोण जाणे.

वर्षभर मी तिच्या पहिल्या हाकेची वाट बघितली. ती हाक मलाच मारेल असं धरून चालले होते. तिनं तुला मारली, आणि आम्हाला कळली नाही म्हणून चार दिवस मारत राहिली. आज सकाळपासून मीही तिच्यासमोर बसून हनुवटीला बोट लावते. हो, कळलं, म्हणून सांगते तिला. पण कळलं म्हटल्यावर ती पुन्हा रस्त्याकडेच बघते.

आई, ती तुला बोलावतेय. मीही.

सुप्रिया